घरसंसार : रेडिएटर काढण्यापूर्वी

इंग्लंडात नोकरीसाठी गेलेली आपली काही मुले आता तेथे जुनी घरे विकत घेऊ लागली आहेत. मग फोनवर विषय निघतो : भिंतीवरचे रेडिएटर काढून जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप घालायचे काय? इकडे आई-वडिलांना काळजी, आधीच डोक्यावर घराचे कर्ज, त्यात चांगली जमीन खोदायची कशाला?

आमच्या मते ही चैन नव्हे. पण घाईने करण्याचे कामही नव्हे.

रेडिएटरसाठी बॉयलरमध्ये पाणी बहुधा 60-70 अंशांपर्यंत तापवावे लागते. ऊब छताकडे जाते, पाय गारच. आपली माणसे तर तेथेही जमिनीवरच बसणार! भाजी निवडणाऱ्या सासूबाईंना, रांगणाऱ्या बाळाला खालची ऊब खरी. पाइप जमीनभर पसरलेले असले की 35 ते 45 अंशांचे पाणी पुरते, कारण अख्खी जमीनच ऊब देते. पुढे बाहेरच्या हवेतील उष्णता ओढणारा हीट पंप बसवायचा असेल, तर एवढ्या कमी तापमानामुळे विजेची चांगली बचत होते.

पण येथे बिघाड कोब्याखाली गाडला जातो. म्हणून पाइपचा प्रत्येक फेरा अखंड हवा, खाली एकही जोड नको, आणि कोबा घालण्याआधी दाब देऊन तपासणी झालीच पाहिजे. पाइपखाली उष्णतारोधक थर नसेल, तर आपल्या पैशाने माती तापेल. वाळू-सिमेंटचा 65 मिलिमीटरचा कोबा पहिल्या 50 मिलिमीटरपर्यंत दिवसाला साधारण एक मिलिमीटर सुकतो, पुढे त्याहून सावकाश. वर लाकूड बसवायला दोन महिन्यांहून अधिक थांबावे लागते. तोवर बिऱ्हाड कोठे ठेवणार?

जुन्या जमिनीवरच थर चढवला, तर दारे खालून कापावी लागतात आणि जिन्याची पहिली पायरी ठेंगणी होते. म्हातारी माणसे नेमकी तेथेच अडखळतात. ठेकेदार हे आपणहून सांगेलच असे नाही, आपण विचारावे.

शिवाय ही जमीन तापायला काही तास लागतात. नवरा-बायको दोघेही पाळीवर आणि घर दिवसभर रिकामे, अशा संसाराला रेडिएटरच सोयीचे. (पावसाळी हवेत मुलांचे ओले गणवेश कशावर वाळत घालणार, हेही घरातल्या बाईला विचारावे!)

इंग्लंडात 15 जून 2022 पासूनच्या नियमानुसार पाइपांसकट सारी यंत्रणा बदलली, तर शक्य तेथे ती 55 अंश वा त्याहून कमी तापमानाच्या पाण्यावर चालेल अशी आखावी लागते. त्यासाठी जमीनच खोदली पाहिजे असे नाही. मोठे रेडिएटरही चालतात.

तेव्हा आधी माळ्यावर उष्णतारोधक थर घालावा, खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. मग कधी स्वयंपाकघराचे काम निघाले, की तेवढीच जमीन उबदार करून घ्यावी; वरच्या मजल्यावर रेडिएटर राहू द्यावेत. मध्ये पाण्याचे तापमान उतरवणारा व्हॉल्व्ह बसवला की एकाच बॉयलरवर दोन्ही चालतात. घर भाड्याचे असेल, तर घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय जमिनीला हातोडा लावू नये.