आधी झाड वाचवा, मग फळ



उन्हाळा तापला की विहिरीचा तळ दिसू लागतो. ज्यांच्याकडे उसाबरोबर मोसंबीचा तुकडा आहे, त्यांच्यापुढे मग तोच पेच उभा राहतो : आहे तेवढं पाणी उसाला पाजायचं की बागेला? कारखान्याच्या पत्रकात हे छापलेलं काहींना रुचणार नाही, पण आमच्या मते पहिला मान बागेचा. ऊस वाळला तर पुढल्या हंगामात पुन्हा लावता येतो. मोसंबीचं झाड गेलं, तर नव्या झाडाला फळ धरेपर्यंत चार-पाच वर्षे वाट पाहावी लागते. 2012-13 च्या दुष्काळात जालना भागात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. ते विसरून चालणार नाही.

मात्र बागेला पाणी देणे म्हणजे बुंध्याशी पाट सोडणे नव्हे. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात. बुंध्याशी पाणी साचलं तर डिंक्या मात्र लागतो. म्हणून दुहेरी आळं करा. आतलं कोरडं ठेवा, बाहेरच्यात पाणी द्या. लहान झाडाला बुडाशी भोक पाडून वात घातलेली दोन मडकी पुरावीत.

झाड मलूल दिसलं की युरियाची ओंजळ टाकायची, ही सवय आता मोडलीच पाहिजे. कोरड्या जमिनीत ते खत मुळांना पाणी ओढू देत नाही, उलट मुळं जाळतं. ओल नाही तर जमिनीतून खत नाही. त्याऐवजी 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट मिसळून सकाळी किंवा सांजेला फवारावे. पाणी फारच तोकडं असेल तर फळं उतरवा, हलकी छाटणी करा. हात धजत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. पण फळाच्या लोभापायी झाड हातचं जातं.

शेवटी आपल्या घरचीच गोष्ट. तोडणी झाली की आपण पाचट पेटवून देतो. खोडव्याला लागेल तेवढं सरीत ठेवून उरलेलं बागेत न्या. झाडाखाली चार-सहा इंचांचा थर द्या, बुंध्यापासून हातभर लांब ठेवा आणि वाळवीवर नजर असू द्या. ओल टिकते, कुजल्यावर त्याचंच खत होतं. विकत काही आणावं लागत नाही.

काडी ओढण्याआधी एकवार बागेकडे पाहावे, एवढीच आमची कळकळीची विनंती.