समुपदेशक : चैन नव्हे, शाळेचे हक्काचे पद

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गुणवंतांची छायाचित्रे झळकतात आणि आतल्या एखाद्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची दुसरी बातमी येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. परीक्षेतील अपयश हे कारण त्या वर्षीच्या २,२४८ मृत्यूंपुढे नोंदलेले आहे. म्हणजे निकालाच्या दिवशीची ती बातमी ही या प्रश्नाची केवळ एक कड होय. उरलेल्या मुलांच्या मनात काय चालले होते हे पंचनाम्याच्या रकान्यात मावण्यासारखे नसते, आणि ते जिवंतपणी विचारणारे माणूस बहुसंख्य शाळांत नेमलेलेच नसते.

हा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघाला की एक उत्तर ठरलेले असते. ज्या शाळेला धड छप्पर नाही, जिथे चार वर्गांना दोन शिक्षक आहेत, तिथे समुपदेशकाची मागणी करणे म्हणजे शहरी मध्यमवर्गाचे चोचले ग्रामीण जनतेवर लादणे आहे. आधी पोटाचे बघा, मनाचे नंतर पाहू, असे ते उत्तर. त्यामागील तळमळ प्रामाणिक आहे, परंतु त्यातील गृहीतक तपासून घेतले पाहिजे. गरिबाला पोट असते आणि मन मात्र श्रीमंताला असते, हे तत्त्वज्ञान मूळचे समाजवाद्यांचे नव्हे. ते जमीनदाराचे आणि गिरणीमालकाचे. नकळत ते आपल्या तोंडी आले आहे.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण घ्यावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते, गाव सोडून कारखान्यांकडे निघतात. मूल एक तर फडावर जाते, नाही तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते. फडावर गेलेल्या मुलाचा अभ्यास बुडतो याची चर्चा पुष्कळ झाली. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, आणि त्या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण गावात राहिलेल्या मुलाचे काय होते? पाच-सहा महिने आई-बाप दृष्टीआड. दहा-अकरा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांची आई होते, चूल सांभाळते, आजीचे औषधपाणी बघते. वर्गात ती गप्प बसते आणि गुरुजींच्या नोंदीत ‘अबोल, अभ्यासात लक्ष नाही’ एवढेच उतरते. फडावरून परतलेला मुलगा इतर मुलांच्या मागे पडलेला असतो. त्याला ‘ढ’ म्हणून हिणवले जाते आणि तो मारामाऱ्या करू लागला की ‘उनाड’ ठरतो. वयात येणारी मुलगी मागे एकटी कशी ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातल्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण त्या वेळी सुमारे २२ टक्के होते. या मुलीचे लग्न ठरते आहे हे सर्वांत आधी तिच्या वर्तनातून दिसते. ते वाचण्याचे शिक्षण कोणाला आहे?

शिक्षकाला आहे, असे म्हणणारे इथे साने गुरुजींचे नाव घेतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात आणि तिथल्या छात्रालयात गुरुजी होते. मुलांच्या खोल्या ते झाडीत, आजारी मुलांची शुश्रूषा करीत, छात्रालयासाठी स्वतः दैनिक लिहून काढीत. त्यांना कुठल्या समुपदेशकाची गरज पडली नाही, हे खरे. मात्र गुरुजींची योग्यता सिद्ध करणाऱ्या या उदाहरणावरून राज्याचे धोरण ठरवता येत नाही. संत लाभला तर शाळेचे भाग्य. पण राज्यभरातील शाळांत संत मिळतील असे अंदाजपत्रक कोणी मांडू नये. शिवाय गुरुजींच्या वाट्याला जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण ही तीन कामे नव्हती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामांतून मुक्त करताना नेमकी हीच तीन शिल्लक ठेवली आणि आता त्यांत मोबाइलवरून भरायच्या माहितीची भर पडली आहे. अशा शिक्षकाने चाळीस मुलांची मनेही सांभाळावीत, अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या श्रमाचे आणखी शोषण करणे होय.

समुपदेशकाचे काम तरी नेमके काय, याविषयी बराच गोंधळ आहे. या शब्दातच ‘उपदेश’ दडलेला आहे, ही एक दुर्दैवी गोष्ट. कारण उपदेश थांबतो तिथून हे काम सुरू होते. आपल्या मुलांना उपदेशाचा तोटा कधीच नव्हता. समुपदेशक आधी ऐकतो. मुलाने सांगितलेले तो शिक्षकांच्या खोलीत चघळत नाही आणि पालकांनाही मुलाच्या अपरोक्ष कळवीत नाही. या गुप्ततेला मर्यादा असतात, आणि त्या मुलाला सुरुवातीलाच सांगाव्या लागतात: मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तर गप्प राहता येत नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आजाराची लक्षणे दिसल्यास मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवणे, घरी जाऊन बापाशी बोलणे, वर्गात जातीवरून टोमणे बसत असतील तर त्या मुलाला एकट्याला न समजावता सगळ्या वर्गाबरोबर बसणे, ही त्याची रोजची कामे. त्याने छडी हाती घ्यायची नाही, पर्यवेक्षण करायचे नाही, गुण द्यायचे नाहीत. ज्याच्या हाती आपले गुण आहेत त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही.

हा व्यवसाय जन्मला तोही श्रीमंतांच्या घरी नव्हे. अमेरिकेत बोस्टन शहरात १९०८ साली फ्रँक पार्सन्स या सुधारकाने व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले, ते स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका सेवाकेंद्रात. पुढे त्याचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर १९५८ साली अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि शाळांतील मार्गदर्शकांसाठी पैसा ओतला. हेतू असा की हुशार मुले हेरून विज्ञानाकडे वळवावीत. मुलाचा सोबती म्हणून जो आला, त्याच्या हाती चाळणी दिली गेली. आज तेथील समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असे प्रमाण मागते. परंतु प्रमाणाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो समुपदेशक कोणाचा माणूस, हा.

कामगार चळवळीत वावरलेल्यांना हा प्रश्न नवा वाटू नये. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वेलफेअर ऑफिसर नेमणे सक्तीचे केले. कामगारांच्या कल्याणासाठी असलेल्या या अधिकाऱ्याला पगार मालक देई, आणि तो कोणाच्या बाजूने बोलतो हे कामगारांना पहिल्याच संपात समजे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता नियमांनी माध्यमिक शाळांत समुपदेशक नेमणे आवश्यक केले. नियम चांगला आहे. पण भरमसाट शुल्क घेणाऱ्या संस्थेच्या पगारावरील समुपदेशकाने रात्री बारापर्यंतच्या शिकवणीने खचलेल्या मुलाला श्वसनाचे व्यायाम शिकवायचे, की ती शिकवणीच बंद करा असे संस्थाचालकांना बजावायचे? पहिले त्याला करू देतील. दुसरे केल्यास पुढच्या जूनमध्ये त्याची जागा रिकामी असेल. मुलाला अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणारा समुपदेशक आणि मुलाचे दुःख कुठून येते हे वरपर्यंत कळवणारा समुपदेशक, हे दोन निरनिराळे नोकर आहेत.

सरकारी शाळांत तर पहिल्या प्रकारचाही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत उच्च प्राथमिक शाळेचा पट शंभराच्या वर गेल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. समुपदेशकाचा उल्लेख नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते शाळांशी जोडण्याची भाषा आहे. त्याच वर्षी केंद्राने ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू करून दूरध्वनी क्रमांक दिला. घरातला एकुलता मोबाइल बापाबरोबर फडावर गेला असेल तर मुलीने तो क्रमांक कशावरून लावायचा, याचे उत्तर दिल्लीत कोणी दिलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणम येथील एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातील शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था करावी. निर्देश स्वागतार्ह आहेत. मात्र शंभराची ही रेघ महाराष्ट्राच्या नकाशावर ठेवून पाहावी. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच राज्यात चौदा हजारांहून अधिक असल्याचे २०२३ मध्ये पुढे आले होते. वाडी-वस्तीवरची, तांड्यावरची, पाड्यावरची शाळा या रेघेच्या खाली राहते, आणि ऊसतोड कामगाराचे मूल प्रामुख्याने तिथेच असते. तिच्या वाट्याला ‘संपर्कव्यवस्था’, म्हणजे भिंतीवर चिकटवलेला आणखी एक क्रमांक.

यावरचा उपाय साठ वर्षांपूर्वीच सुचवून झाला आहे. डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, दहा माध्यमिक शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक असावा अशी किमान योजना मांडली. महाराष्ट्रात त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख ही रचना प्राथमिक शिक्षणात आहेच. केंद्रप्रमुखांची पदे ४,८६०. प्रत्येक केंद्रामागे एक समुपदेशक आणि पदामागे वर्षाला सहा लाख रुपये धरले, तर खर्च सुमारे २९२ कोटी येतो. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकार सात लाख कोटींचा होता. शंभर रुपयांतले चार पैसे. पैसा नाही, हे उत्तर इथे चालणार नाही.

हे पद केंद्राचे असल्याने तो एका मुख्याध्यापकाच्या किंवा संस्थाचालकाच्या मर्जीवर राहत नाही, हा दुसरा लाभ. पण ते कायम हवे. अकरा महिन्यांच्या करारावरचा समुपदेशक ही या कामाची क्रूर थट्टा ठरेल. ज्या मुलीचे आई-बाप दरवर्षी सहा महिने निघून जातात, तिला जीव लावून तोही मार्चअखेर निघून गेला तर तिने पुन्हा कोणापाशी तोंड उघडावे?

मागणी कुठून सुरू करायची, हेही कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाखालील शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि २२ व्या कलमाप्रमाणे त्या समितीने केलेला शाळा विकास आराखडा हा सरकारी नियोजनाचा व अनुदानाचा आधार मानायचा आहे. बहुतेक गावांत हा आराखडा मुख्याध्यापक एकट्याने भरतात आणि त्यात रंगरंगोटी, कुंपण, संगणक एवढेच येते. केंद्रासाठी समुपदेशकाच्या पदाची मागणी त्यात ठरावासह नोंदवावी, आणि एकाच केंद्रातील दहाही शाळांनी ती एकदम नोंदवावी. बैठक मात्र दसऱ्याच्या आत घ्यावी लागेल. नंतर ज्या पालकांची सही सर्वांत आधी हवी, ते गावात नसतील.