वारीआधी पायताण पाहा

आपल्यापैकी बरेच जण आता आळंदीहून पंढरीची वाट धरतील. वाट सुमारे 250 किलोमीटरची. कुठे डांबर, कुठे दिवेघाटाची चढण, पाऊस लागला की चिखल. बैल घेताना आपण खूर निरखून पाहतो. स्वतःच्या पायाला मात्र आदल्या दिवशी मिळेल ती चप्पल!

पायताण संध्याकाळी घ्यावे, तेव्हा पाय फुगलेला असतो. अंगठ्यापुढे अर्धे बोट जागा राहू द्या. टाचेमागे पट्टा व खाचदार रबरी तळ असलेली सँडल आम्हाला सर्वांत सोयीची वाटते. भिजली तरी लवकर वाळते. कातडी वहाण भिजून वाळली की ताठरते आणि चावते. नवी जोडी आधी पंधरा दिवस बांधावर वापरा. पुढे शेतातही तीच चालेल, फवारणीला मात्र गमबूटच हवेत.

मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालण्याचा नेम धरू नये. पायाची जाणीव कमी झाली असेल तर डांबराचा चटका कळत नाही, रुतलेला काटाही कळत नाही, आणि जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येते. अशांनी डॉक्टरांना विचारून पुढून बंद असलेले मऊ पायताण घ्यावे व रोज मुक्कामी तळवे सोबत्याकडून पाहून घ्यावेत.