गिऱ्हाइकाच्या हॉलमधला टँक हा तुमचा पहिला टँक नसावा



"सर, ॲक्वेरियमचं दुकान टाकायचंय. गाळा बघितलाय, लोनचं बोलणं चालू आहे." असं सांगणारे बरेच जण भेटतात. मी सगळ्यांना एकच विचारतो: घरात मोठा टँक स्वतः बसवलाय का? उत्तर ठरलेलं असतं. "नाही सर, पण आवड खूप आहे."

माझं मत स्पष्ट आहे. गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी एक चार फुटी टँक स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने बसवा आणि सहा महिने चालवा. चुका करायच्याच असतील तर स्वतःच्या हॉलमध्ये करा. दुसऱ्याच्या हॉलमध्ये केलेली चूक फार महाग पडते.

मागणी आहेच. लहानपणी मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय बघून आलेली पिढी आज माजिवडा, कोलशेत, घोडबंदरच्या टॉवरमध्ये स्वतःचा हॉल सजवतेय. प्रश्न मागणीचा नाही, तुमच्या तयारीचा आहे.

माझंच सांगतो. माजिवड्यात माझं हार्डवेअरचं दुकान. पाइप, ड्रिल, सिलिकॉन सगळं हाताखालचं. त्यामुळे वाटलं, यात काय अवघड आहे! एक जुना टँक घेतला: 4 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच. त्याला भोक पाडून खाली संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, जोडायची ठरवली. वरचं पाणी भोकातून संपमध्ये येतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर पाठवतो.

पहिला धडा वजनाचा. हा टँक 12 घनफुटांचा, म्हणजे साधारण 340 लिटर. नुसतं पाणीच 340 किलो. 12 मिलिमीटरच्या काचेचे 75-80 किलो, शिवाय रेती, दगड, स्टँड आणि संप. सहज अर्ध्या टनावर जातं. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात आणि आपला टँक उभा राहतो जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. म्हणून तो हॉलच्या मधोमध ठेवायचा नाही. बीम-कॉलमजवळच्या भिंतीला लावायचा. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं. गिऱ्हाईक म्हणेल, "सोफ्यासमोरच पाहिजे." तिथे नाही म्हणता आलं पाहिजे.

दुसरा धडा माझ्याच काउंटरवरचा. बाथरूमसाठी विकतो त्या बऱ्याच सिलिकॉनमध्ये बुरशी रोखणारं औषध असतं, ते माशांना मारक ठरतं. ॲक्वेरियमसाठीचंच सिलिकॉन घ्या. जुन्या सिलिकॉनवर नवीन नीट धरत नाही, त्यामुळे जुनं ब्लेडने पूर्ण खरवडून काढावं लागतं. आणि भोक पाडण्याआधी काच टफन्ड नाही ना, हे पक्कं करा. टफन्ड काचेला ड्रिल लावलात की क्षणात चुरा होतो. साध्या काचेलाही डायमंड बिट, सतत पाणी आणि हलका हात लागतो.

तिसरा धडा खिशाला लागला. एका रात्री लाइट गेली. पंप बंद पडला आणि वरचं पाणी त्याच पाइपातून सायफन होऊन खाली उतरायला लागलं. माझ्या पाइपाचं तोंड पाण्याखाली 15 सेंटिमीटर होतं. हिशेब करा, तेवढ्या थराचं पाणी 80 लिटरच्या वर होतं. संपमध्ये जागा 40 लिटरची. उरलेलं पाणी माझ्या फरशीवर आणि तिथून खालच्या काकांच्या फॉल्स सीलिंगमध्ये. काका चांगले होते म्हणून शब्दावर भागलं, पण सीलिंग मीच करून दिलं.

उपाय अगदी साधा होता. पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीला लागून ठेवायचं, त्याच पातळीला पाइपाला हवा घ्यायला एक छोटं भोक पाडायचं आणि संप कमी भरायचा. मग लाइट जायची वाट न बघता स्वतः स्विच बंद करून बघायचं, एकदा नाही, दहा वेळा. हे गिऱ्हाइकाच्या घरी झालं असतं तर पैसे गेलेच असते, वर अख्ख्या सोसायटीत नाव झालं असतं.

चौथा धडा धीराचा. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. गिऱ्हाइकाला मासे आजच हवे असतात. घाईने विकलेत तर मासे मरतात आणि ते म्हणतात, "आजारी मासे दिले." क्रॉफर्ड मार्केटमधून कितीही चांगले मासे आणा, टँक तयार नसेल तर ते जगणार नाहीत.

आता धंद्याचं बोलू. 40 वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला साधारण 29 युनिट. 50 वॅटची एलईडी रोज 8 तास म्हणजे 12 युनिट. हे आकडे गिऱ्हाइकाला आधी सांगा, बिल आल्यावर नाही. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं तर 85 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या सहा बादल्या. घरी घड्याळ लावून करून बघा, मग कळेल कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून दिवसात किती घरं होतील. मेंटेनन्सचा दर त्यावरून ठरवा, शेजारच्या दुकानाचा दर बघून नाही. टँक एकदाच विकला जातो, मेंटेनन्स दर महिन्याला येतो. माझ्या मते खरा धंदा तोच आहे.

सबसिडीबद्दलही विचारतात. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मासे वाढवण्याच्या परसातल्या युनिटसाठी 3 लाखांचा युनिट खर्च धरलाय. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. पण ते मासे वाढवण्यासाठी आहे, दुकान सजवण्यासाठी नाही. मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन सध्याची स्थिती विचारा, मगच ते आकडे हिशेबात धरा.

कोणी म्हणेल, "सर, सहा महिने थांबलो तर संधी जाईल." संधी कुठे जात नाही. लोनचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो.

तेव्हा या आठवड्याचं काम: एक वही घ्या, हॉलचं माप घ्या, बीम कुठे आहे ते बघा. गाळामालकाला फोन नंतर करा.