बर्गरात सुरमई का नको?
संध्याकाळी रत्नागिरीत मारुती मंदिराच्या आसपास फिरलं की लोण्यावर भाजलेल्या पावाचा वास कुठून ना कुठून येतोच. चार टेबलं, एक सपाट तवा, आणि मालकच आचारी. अशा छोट्या जागी बर्गर खाण्यात मजा आहे, कारण तव्यावर काय चाललंय ते समोर दिसतं. हाताने थापलेल्या पॅटीच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि नेमक्या त्याच खरपूस होतात. पाकिटातली गोठवलेली चकती मात्र सगळीकडून सारखीच गोल आणि सारखीच बेचव. बन आतून नीट भाजलेला असला की सॉस मुरून त्याचा लगदा होत नाही. बाकी मेयोनीज, चीज वगैरे थाट आहे, चव नव्हे. बटाट्याच्या टिक्कीच्या बर्गरचं तर आपल्याला कौतुक नकोच. मॅकडोनाल्ड्स भारतात १९९६ मध्ये आलं, पण दादरला अशोक वैद्य १९६६ च्या सुमारासच पावात वडा घालून विकू लागले होते, असं सांगतात. खटकतं ते वेगळंच. मिरकरवाड्याचं बंदर रिक्षाच्या अंतरावर, आणि आपल्या बर्गरात कोंबडी गोठवलेली! रव्यात घोळवलेला सुरमईचा काटे काढलेला तुकडा, वर कच्चा कांदा, लसूण-मिरचीची चटणी आणि सोबत सोलकढी, एवढंच तर हवं. तेव्हा मालक मंडळी, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की एवढं मनावर घ्याच. दोन पैसे जास्त द्यायची आमची तयारी आहे.