उंची थोडी जाऊ द्या, नाक सांभाळा!

मंडळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत विमानानं आलेले आमचे नातेवाईक एक तक्रार हमखास करतात. "पायलट नवशिका होता वाटतं, विमान नुसतं वर-खाली करत होता!" मला हे मत पटत नाही. अशा हवेत विमान थोडं वर-खाली होऊ देणारा वैमानिकच शहाणा, असं माझं म्हणणं आहे.

'हवेतले खड्डे' हा आपला शब्द सोयीचा आहे, पण फसवा. हवेत खड्डा कुठून असणार? असतात ते वर चढणारे आणि खाली येणारे प्रवाह. वैशाखात धाराशिवच्या माळरानावर दुपारी उभं राहून पाहा. जमीन तापते, हवा वर उठते, घारी पंख न हलवता गोल गोल चढत जातात. संध्याकाळी बालाघाटाच्या डोंगरावर वळवाचे ढग येतात, त्यांच्या पोटात हाच प्रकार कितीतरी पट जोरानं चाललेला असतो.

आता जेट विमान चढत असताना काय होतं? इंजिनाची शक्ती ठरलेली असते, वेग सांभाळायचा तो नाक वर-खाली करून. अशात वर जाणारा झोत लागला की विमान उचललं जातं आणि वेगाचा काटाही उसळतो. काट्यामागे धावणारा वैमानिक वेग कमी करायला नाक आणखी वर करतो. पुढच्याच क्षणी खाली येणारा झोत लागतो, वेग घटतो, मग तो नाक जोरात खाली ढकलतो. म्हणजे झोका थांबवायला गेला आणि झोक्याला आणखी रेटा दिला!

ही गोष्ट जगाला फार महागात कळली. १२ फेब्रुवारी १९६३ रोजी अमेरिकेत मायामीहून निघालेलं नॉर्थवेस्ट कंपनीचं बोइंग ७२० चढत असतानाच वादळी हवेत सापडलं. आधी प्रचंड वेगानं वर गेलं, मग नाक खाली करून कोसळलं. सर्व ४३ जण गेले. हवेचे जबर उभे झोत आणि नियंत्रकाच्या मोठ्या हालचाली, या दोन्ही एकत्र आल्यानं हे घडलं, असं चौकशीत निघालं. तेव्हापासून शिकवण अशी : खडबडीत हवेसाठी ठरवून दिलेला वेग आधीच धरा, कृत्रिम क्षितिजावर नाकाचा कोन राखा, पंख समतल ठेवा, उंचीच्या मागे धावू नका.

कोणी म्हणेल, उंची सोडून कसं चालेल? २९,००० ते ४१,००० फुटांत तर दोन विमानांत उभं अंतर फक्त १,००० फूट असतं. मुद्दा रास्त आहे. म्हणूनच वैमानिक खालच्या नियंत्रकाला लगेच कळवतो आणि जास्त मोकळी जागा मागतो.

यंत्रावर सगळं सोपवूनही भागत नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेलं स्पाइसजेटचं विमान उतरताना अशाच हवेत सापडलं. ऑटोपायलट दोन मिनिटं सुटला होता, तेवढा वेळ विमान हातानं चालवावं लागलं. अनेक जण जखमी झाले. मे २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात एका प्रवाशाचा जीव गेला. तिथं विमान साडेचार सेकंदांच्या आसपास १७८ फूट खाली आलं होतं, फक्त १७८! माणसं जखमी झाली ती अंतरामुळे नव्हे. पट्टा नसलेली माणसं अचानक आसनावरून उचलली जाऊन छताला आदळली आणि पुन्हा खाली आपटली.

तर सांगायचा मुद्दा असा, की समोरच्या माणसाला त्याचं काम करू द्या. आपल्या वाट्याचं काम एवढंच, की दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा सोडायचा नाही. घरच्या पोरांनो, हे खास तुम्हाला. काका-मामांना खिडकीजवळची जागा जरूर द्या, पण आधी त्यांचा पट्टा बांधून द्या.