पोरक्या मोटारींचे पालक

जिची निर्माती कंपनी अथवा जिचे नाव काळाच्या ओघात लुप्त झाले, अशा मोटारीला अमेरिकेतील शौकिनांनी ‘ऑर्फन कार’, म्हणजे पोरकी मोटार, असे नाव दिले आहे. नॅश, हडसन, स्टुडबेकर, पॅकार्ड, कायझर ही त्यांतील ठळक घराणी. मिशिगन राज्यातील इप्सिलांटी या गावी हडसनच्या एका जुन्या विक्रीकेंद्रातच आज मोटारींचे संग्रहालय उभे आहे. पोरक्या मोटारींचा मेळावाही याच गावात भरत आला आहे.

१९५० च्या दशकातील अमेरिकी मोटार म्हटली की माशाच्या परांसारखे मागचे पंख आणि क्रोमची झळाळी डोळ्यांपुढे येते. कुटुंबाच्या गरजांचा वेगळा विचार मात्र अनेकदा लहान कंपन्यांनी केला. नॅशच्या मोटारीत पुढच्या आसनाची पाठ मागे पाडली की ती मागील आसनाशी जुळून चक्क बिछाना तयार होई. सहलीला निघालेल्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाची रात्रीच्या मुक्कामाची सोय त्यात होत असे. (वयात आलेल्या मुलांच्या पालकांना ही सोय कितपत रुचली असेल, हा प्रश्न निराळा.) याच कंपनीने १९५० च्या मोटारींत आसनपट्टे देऊ केले, पण ग्राहकांनी त्यांचे फारसे स्वागत केले नाही. त्याच वर्षी तिने रॅम्बलर ही आटोपशीर मोटार आणली. हडसनने १९४८ मध्ये मोटारीचा तळ सांगाड्याच्या आत खाली बसवला. प्रवासी मोटारीत चढण्याऐवजी पायरी उतरल्यासारखा आत शिरे आणि वळणावर मोटार स्थिर राहत असे. कायझरची स्वस्त ‘हेन्री जे’ तर काही काळ ‘ऑलस्टेट’ या नावाने सीअर्सच्या दुकानांतून विकली गेली.

या कंपन्या केवळ कल्पनाशक्ती आटल्यामुळे बुडाल्या नाहीत. १९५३-५४ मध्ये फोर्ड आणि शेव्हरोले यांनी परस्परांवर मात करण्यासाठी बाजारात मोटारींचा पूर आणला. त्यांच्या किंमतयुद्धात लहान उत्पादक भरडले गेले. १९५४ मध्ये नॅश व हडसन एकत्र येऊन अमेरिकन मोटर्स जन्मली, त्याच वर्षी पॅकार्डने स्टुडबेकरला सामावून घेतले. परंतु कंपनी डळमळीत असल्याची कुजबूज एकदा सुरू झाली की ग्राहक पुढचा विचार करू लागतो. उद्या सुटे भाग कोण देणार? पुनर्विक्रीत किंमत किती येणार? या भीतीने तो पाठ फिरवतो आणि भीती खरी ठरते. बँकेच्या व्यवहाराशी परिचित वाचकांना ही साखळी उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्याकडेही या घराण्यांची पावले उमटली होती. हिंदुस्तान मोटर्सने स्टुडबेकरची जुळणी केली, तर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, प्लिमथ व डिसोटो सिद्ध होत. त्यांतील डिसोटो अमेरिकेत १९६० मध्ये बंद झाली.

अशी मोटार बाळगणे ही गुंतवणूक आहे, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. चार दारांची साधी कौटुंबिक मोटार पूर्ववत करण्याचा खर्च बहुधा तिच्या विक्रीमूल्याहून अधिक होतो. तरीही हडसनप्रेमींची संघटना १९५९ पासून, तर स्टुडबेकरचालकांची १९६२ पासून कार्यरत आहे. दुसरी तर कंपनी जिवंत असतानाच स्थापन झाली! अशा संघटनांमुळे सुट्या भागांची माहिती आणि दुरुस्तीचे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हाती जात राहते. वडिलांच्या मोटारीच्या मागच्या आसनाचा वास ज्याला आठवतो, तो पालक खर्चाचा ताळेबंद मांडत नाही, आणि ते योग्यच आहे.

या स्मरणरंजनाला एक उणी बाजूही आहे. इंजिनाची शक्ती आणि रंगांची मूळ नावे मुखोद्गत असणाऱ्यांनी साऊथ बेंडचा हिशेबही मुखोद्गत ठेवावा. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकरचा तेथील कारखाना बंद झाला, तेव्हा निवृत्तिवेतन निधीत पुरेसे पैसे नव्हते. साठी गाठलेल्यांना पूर्ण लाभ मिळाला. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे ४,००० पात्र कामगारांच्या हाती देय रकमेच्या केवळ १५ टक्के आले. त्याहून तरुण वा अल्पसेवा असलेल्यांना काहीच नाही. या घटनेच्या चर्चेतूनच पुढे १९७४ चा निवृत्तिवेतन संरक्षण कायदा आणि त्यासोबत विम्याची तरतूद आली. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक कोसळल्यानंतर आपल्याकडे १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, त्याच जातीची ही तरतूद.

अखेरची स्टुडबेकर मार्च १९६६ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे तयार झाली. कंपनीचा हा शेवटचा दागिना कोणी शर्यतीची मोटार नव्हती, ती होती चार दारांची क्रूझर. साऊथ बेंडच्या संग्रहालयात ती जतन केलेली आहे. मेळाव्यांत अशा मोटारींपुढे जे फलक लावले जातात, त्यांवर अश्वशक्तीच्या आकड्याखाली १५ टक्क्यांचा तो आकडाही लिहिण्यास जागा पुरेल.